खेड्याची लोकसंख्या व दळणवळण

लहान खेड्याची सरकारदरबारी ओळख मुख्यतः दोन आकड्यांवर ठरते : डोकी किती आणि पक्का रस्ता किती लांब. पहिला आकडा जनगणनेतून येतो. दुसरा बऱ्याच अंशी पहिल्यावर अवलंबून असतो.

जनगणनेचे ग्रामीण एकक म्हणजे महसुली गाव. त्याला शीव असते, नकाशा असतो. पण वस्ती एकाच ठिकाणी असेल असे नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर एका गावात अनेक वाड्या विखुरलेल्या असतात. मुख्य वाडीपर्यंत डांबरी पोचली की कागदावर अख्खे गाव जोडले जाते, वरच्या वाडीतला आजारी माणूस मात्र डोलीतूनच खाली येतो. उलट काही गावांना शीव आहे, सातबारे आहेत, पण माणूस राहत नाही. अशा गावाला बेचिराग म्हणतात, विदर्भात रिठी. २०११ मध्ये देशात नोंदलेल्या सुमारे ६ लाख ४० हजार गावांपैकी ४३ हजारांच्या आसपास अशी ओसाड होती.

गावनिहाय तक्त्यात कुटुंबे, स्त्री-पुरुष, ०–६ वयोगट, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे यांचे रकाने असतात. गावसुविधांच्या तक्त्यात बस गावात येते का ते नोंदतात. येत नसेल तर जवळची सोय ५ किमीच्या आत, ५ ते १० किमीवर की त्याहून लांब, एवढेच कळते. दिवसातून एकदा येणारी गाडी आणि तासातासाला येणारी गाडी यांचा फरक अशा नोंदीत दिसत नाही.

डोकी मोजण्यातही एक मेख आहे. २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन ऊसतोडीच्या हंगामात. त्या काळात सलग बाहेर असलेल्या माणसाची नोंद तो जिथे सापडेल तिथे होते. बीडसारख्या जिल्ह्यातल्या तांड्यावरचा कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे, कारखान्याच्या फडात असेल, तर त्याची माणसे घरच्या गावात मोजली जात नाहीत. मोठ्या गावाला याने फारसा फरक पडत नाही. पाचशेच्या उंबरठ्यावरच्या वस्तीला पडतो.

हा उंबरठा २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने घालून दिला. मैदानी भागात ५०० आणि डोंगरी, आदिवासी व वाळवंटी भागात २५० लोकसंख्येच्या वस्तीला बारमाही रस्ता, असा तिचा निकष. योजनेने महसुली गावाऐवजी वस्ती हे एकक धरले, हे तिचे मोठे शहाणपण. मैदानात ५०० मीटरच्या, डोंगरात पायवाटेने दीड किलोमीटरच्या आतल्या वस्त्यांची डोकी एकत्र धरता येतात. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात २५ हजार वस्त्या जोडायच्या आहेत. पात्रतेला आधार अजून २०११ च्याच आकड्यांचा. लांबलेल्या पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे.

रस्ता झाला म्हणजे वाहन आलेच असे नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. आडगावांपर्यंत पोचायला तिला पुढे कित्येक वर्षे लागली. आडबाजूच्या गावाची खरी जीवनवाहिनी म्हणजे मुक्कामी गाडी. दिवस मावळताना ती गावात येते, चालक-वाहक देवळात, शाळेच्या पडवीत नाहीतर गाडीतच पथारी टाकतात आणि पहाटे तीच गाडी दुधाचे कॅन, कॉलेजची पोरे आणि तालुक्याला तारखेला निघालेली माणसे घेऊन सुटते. ती बंद पडली की आधी मोठ्या मुलींची शाळा सुटते. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस सुरू झाल्या त्या याच कारणाने. बाकीचा भार वडाप म्हणजे माणसे भरून नेणारी खासगी जीप, काळी-पिवळी आणि दुचाकीवर; तेही नसेल तर फाट्यापर्यंत पायी. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी गेले की वाहक गाडी अलीकडेच रिकामी करतो आणि ओढा उतरेपर्यंत गाव पलीकडे राहते.