तटस्थ म्हणजे निःपक्षपाती नव्हे

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधल्या पोरांच्या नीतिशास्त्राच्या सराव उत्तरपत्रिका मी तपासतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून गठ्ठा वाढलाय आणि एक वाक्य तर पाठ झालंय: 'अधिकारी म्हणून मी पूर्णपणे तटस्थ राहीन.' प्रश्न असतो निःपक्षपातीपणाचा.

निःपक्षपाती म्हणजे जात, गाव, ओळख, वरून आलेला फोन यांतलं काही न बघणारा. हे सगळ्यांना येतं. राजकीय पक्षांपासून तटस्थ राहायचं हेही बरोबरच. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या 1979च्या वर्तणूक नियमांतला पाचवा नियम तेच बजावतो. पण तिथला शब्द उचलून टेबलासमोरच्या माणसाला लावला, की घोळ होतो.

तटस्थ म्हणजे तटावर उभा राहिलेला. पाण्यात कोण बुडतंय, कोण बुडवतंय, तो नुसता बघतो.

समजा, मुळशीतलं एक घर. वडील गेले, वारस नोंदीत भावाने बहिणीचं नाव गाळलं, तिने हरकत घेतली. तटस्थ मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्याच्या वरचा महसूल अधिकारी, दोघांनाही खुर्ची देतो, कुणावर आवाज चढवत नाही आणि म्हणतो, "घरातलं भांडण आहे, आपसात मिटवून या." वागणं अगदी समान. पण जमीन कसतोय भाऊ. त्याला घाई कशाची? बहीण सासरहून एसटीने येते आणि हात हलवत परत जाते. अशा चार खेपा झाल्या की बाजू घेतली गेलीच, फक्त कागदावर दिसत नाही.

निःपक्षपाती अधिकारी पाण्यात उतरतो. 1966च्या जमीन महसूल संहितेचं कलम 150 आहेच: हरकत विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यायची, दोघांचं ऐकायचं, कागद बघायचे, कारणं लिहून आदेश काढायचा. हिंदू वारसा कायद्याने मुलगीही वारस, म्हणून नाव लागतं. भाऊ बाहेर जाऊन बोंबलतो, "साहेबांनी तिची बाजू घेतली!" पोरं इथेच फसतात. निःपक्षपाती निर्णय शेवटी कुणा एकाच्याच पारड्यात पडतो, त्यामुळे तो एकतर्फी वाटतो. तटस्थ माणूस मात्र कायम समतोल दिसतो. मला विचाराल तर शिव्या खाणारा पहिला बरा.

'अलिप्त' हा त्याच कुळातला, त्यावर वेगळं लिहीत नाही. आणि अलिप्ततेसाठी उत्तरांत येणारं कमळाच्या पानावरचं पाणी आता कृपा करून पुसून टाका.

परवा सराव मुलाखतीत हेच प्रकरण दिलं आणि विचारलं, "बहीण रडायला लागली तर?" मुलगा म्हणाला, "सर, पाणी देईन, पण तटस्थ राहीन." पाणी द्यायला हरकत नाही, भावालाही दे, म्हटलं. आदेश किती तारखेला काढणार? तो पॅनेलकडे बघत बसला.