लाइव्ह कार्यप्रणाली

संगणकाच्या डिस्कवर काहीही न बसवता पेनड्राइव्ह, सीडी किंवा तशाच एखाद्या बाहेरच्या माध्यमावरून सुरू होणारी आणि संगणक बंद केला की नाहीशी होणारी संपूर्ण कार्यप्रणाली. लिनक्सवर आधारलेली मुक्त कार्यप्रणाली आपल्या घरच्या संगणकावर नीट चालते की नाही, हे पाहण्याचा हा सर्वांत प्रचलित मार्ग आहे. कार्यप्रणाली वापरून पाहणे आणि ती संगणकावर बसवणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीत जुनी प्रणाली आणि साठवलेल्या फाइली जागच्या जागी राहतात, तर दुसरीत डिस्कची नव्याने वाटणी करावी लागते. नवख्या माणसाला भीती वाटते ती खरे तर दुसऱ्या कृतीची. पण तिच्यापोटी तो पहिलीच्याही वाटेला जात नाही. या दोन कृती एकमेकींपासून सुट्या करणे, हेच लाइव्ह प्रणालीचे खरे काम होय.

अशी प्रणाली तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, तशीच ती कायदेशीरदृष्ट्याही शक्य असावी लागते आणि ती शक्यता परवान्यातून येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून मुक्त सॉफ्टवेअरची कल्पना रूढ झाली. असे सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवण्याचे, त्याची आज्ञावली अभ्यासण्याचे, त्याच्या प्रती वाटण्याचे आणि त्यात बदल करून ते बदल वाटण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेला लिनक्स हा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, १९९२ मध्ये ग्नू सार्वजनिक परवान्याखाली आला. त्यामुळे कर्नल, ड्रायव्हर, पडद्यावरील डेस्कटॉप आणि नेहमीच्या वापरातले प्रोग्रॅम एकत्र बांधून त्यांची सीडी कोणालाही वाटणे कोणाच्याही परवानगीविना शक्य झाले. अशा बांधलेल्या संचाला वितरण किंवा बोलीभाषेत डिस्ट्रो म्हणतात. ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ या दोन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्यामुळे इंग्रजीत होणारा घोटाळा मराठीत होण्याचे कारण नाही. ही वितरणे बहुतेक वेळा मोफत मिळतात, पण लाइव्ह माध्यम शक्य होते ते त्यांच्या मुक्तपणामुळे.

इतिहास : १९९० च्या दशकात लिनक्स पाहायचे म्हणजे ते बसवायचेच, अशी स्थिती होती. त्यासाठी डिस्कचे विभाग आधी हाताने पाडावे लागत. चित्रमय पडदा हवा असेल, तर मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारता पुस्तिकेतून शोधून एका फाइलमध्ये लिहावी लागे, आणि चुकीच्या आकड्यांनी मॉनिटर बिघडू शकतो असा इशारा त्या वेळच्या दस्तऐवजांत दिलेला असे. १९९२ च्या अखेरीस आलेल्या इग्ड्रासिल या वितरणाने सीडीवरूनच चालण्याची सोय दिली होती; मात्र त्या वेळचे सीडी ड्राइव्ह इतके संथ होते, की व्यवहारात तिचा फारसा उपयोग होत नसे.

खरा बदल घडवला तो नॉपिक्सने. जर्मन अभियंता क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेले हे डेबियन या जुन्या वितरणावर आधारलेले वितरण सीडी घालून संगणक सुरू करताच ध्वनी, जाळे आणि पडदा यांची यंत्रसामग्री आपणहून ओळखून घेत असे. ७०० मेगाबाइटच्या सीडीवर सुमारे २ गिगाबाइटचे सॉफ्टवेअर मावावे म्हणून सर्व फाइली दाबून ठेवल्या जात आणि लागतील तशा उलगडल्या जात. पुढे दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांनी बिघडलेल्या संगणकातील फाइली वाचवण्यासाठी नॉपिक्सचा एवढा वापर केला, की अनेकांना ते चाचणीचे नव्हे तर सुटकेचे साधन म्हणूनच ठाऊक आहे.

२००४ मध्ये सुरू झालेल्या उबुंटूच्या पहिल्या आवृत्त्यांमध्ये चाचणीची सीडी आणि बसवण्याची सीडी वेगवेगळी असे. जून २००६ मधील ६.०६ या आवृत्तीत दोन्ही कामे एकाच सीडीवर आली : आधी वापरून पाहा, पटले तर त्याच पडद्यावरच्या चिन्हावर क्लिक करून बसवा. आज बहुतेक मोठी वितरणे हीच पद्धत वापरतात. मागणी केल्यास या सीडी टपालाने मोफत पाठवण्याची योजनाही उबुंटूने २०११ पर्यंत चालवली. मंद इंटरनेटच्या त्या काळात अनेकांची लिनक्सशी पहिली भेट अशा पाकिटातून झाली.

कार्यपद्धती : संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील फर्मवेअर (यंत्रातच भरून ठेवलेली मूळ आज्ञावली) बाहेरच्या माध्यमावरील बूटलोडरला, म्हणजे कार्यप्रणाली सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, हाक देते. बूटलोडर कर्नल आणि त्याच्यासोबत एक लहानशी तात्पुरती फाइल प्रणाली मेमरीत उतरवतो. या तात्पुरत्या प्रणालीचे काम एवढेच, की आपण कोणत्या माध्यमावरून आलो ते शोधायचे आणि त्यावरील एक मोठी, दाबून बसवलेली फाइल उघडायची. ही फाइल सहसा स्क्वॉशएफएस या स्वरूपात असते आणि तिच्यात संपूर्ण कार्यप्रणाली सामावलेली असते. तिचे स्वरूप केवळ वाचनापुरते असल्यामुळे तिच्यात कोणताही बदल करता येत नाही.

पण चालू कार्यप्रणालीला सतत काही ना काही लिहावे लागते. ही अडचण थरांच्या युक्तीने सुटते. खाली न बदलणारी फाइल प्रणाली आणि वर मेमरीत तयार केलेला कोरा थर, असे दोन्ही मिळून वापरणाऱ्याला एकच फाइल प्रणाली दिसते. छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा कराव्यात, तसे हे आहे. एखादी फाइल बदलली, की तिची प्रत वरच्या थरात येते आणि बदल त्या प्रतीत होतो. फाइल पुसली, तर खालची मूळ फाइल तशीच राहते आणि ‘ही फाइल आता नाही असे समजावे’ एवढी नोंद वरच्या थरात होते. सुरुवातीला हे काम कर्नलबाहेर विकसित झालेल्या जोडण्यांवर चाले. डिसेंबर २०१४ मधील ३.१८ या कर्नलपासून ओव्हरलेएफएस ही सोय कर्नलमध्येच आली. संगणक बंद केला की मेमरीतला थर जातो आणि पुढच्या वेळी सर्व काही पुन्हा मूळ अवस्थेत सुरू होते.

नवख्या माणसाला चकवणाऱ्या अनेक गोष्टींचा उलगडा या रचनेतून होतो. लाइव्ह प्रणालीत उतरवून घेतलेले प्रोग्रॅम आणि फाइली मेमरीच व्यापतात, त्यामुळे ४ गिगाबाइट मेमरीच्या संगणकावर मोठा चित्रपट उतरवू गेल्यास जागा संपल्याची सूचना येते, मग डिस्क कितीही मोकळी असो. प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, कारण तो पेनड्राइव्हवरून वाचून उलगडावा लागतो. यावरून बसवलेली प्रणालीही मंदच असेल असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. २००३ मध्ये बॅरी काउलर यांनी सुरू केलेल्या पपी लिनक्ससारखी छोटी वितरणे पूर्णपणे मेमरीत उतरतात, आणि मग माध्यम काढून घेतले तरी चालू राहतात. बदल टिकवायचे असतील तर पेनड्राइव्हवर वेगळा विभाग राखून वरचा थर तिथे ठेवता येतो. याउलट, टेल्स या वितरणात विसरणे हाच मुख्य गुण मानला आहे. खाजगीपणा जपण्यासाठी ते बंद होताना मेमरीही पुसते.

माध्यमाची तयारी : वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (संपूर्ण माध्यमाची एका फाइलमधली हुबेहूब प्रत) उतरवून घ्यावी आणि तिचा पडताळा घ्यावा. पडताळ्यासाठी एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला ६४ अक्षरांचा ठसा दिलेला असतो. आपल्या फाइलचा ठसा त्याच्याशी जुळला, तर फाइल उतरवताना खराब झालेली नाही हे कळते. ही पायरी बहुतेक जण गाळतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन काही काळ तिथले दुवे चोरवाट घातलेल्या आयएसओकडे वळवले गेले होते. अशा प्रसंगी त्याच संकेतस्थळावर छापलेला ठसाही पुरेसा ठरत नाही, कारण घुसखोर तोही बदलू शकतो. म्हणून वितरणकर्त्यांची डिजिटल स्वाक्षरी तपासणे अधिक भरवशाचे असते.

आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, ती विशिष्ट प्रोग्रॅमच्या साहाय्याने जशीच्या तशी, बाइटमागून बाइट उतरवावी लागते. विंडोजवर रूफस हा प्रोग्रॅम यासाठी प्रसिद्ध आहे. व्हेंटॉय या प्रोग्रॅमने एकदा तयार केलेल्या पेनड्राइव्हवर मात्र अनेक आयएसओ फाइली साध्या कॉपीने ठेवता येतात. कोणत्याही मार्गाने गेले, तरी पेनड्राइव्हवरील आधीचा मजकूर नष्ट होतो. लिनक्समधील डीडी ही आज्ञा तर काहीही न विचारता सांगितलेल्या जागी लिहिते. तिथे पेनड्राइव्हऐवजी चुकून घरच्या डिस्कचे नाव पडले, तर चाचणीपूर्वीच सर्व काही गमावण्याची वेळ येते.

सुरू करताना येणारे अडथळे : संगणक चालू करताच एफ१२, एफ२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी एखादी कळ दाबून माध्यम निवडावे लागते, कोणती कळ, ते उत्पादकानुसार बदलते. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यानंतरच्या संगणकांत सिक्युअर बूट ही तपासणी असते आणि ती ओळखीची स्वाक्षरी नसलेला बूटलोडर चालू देत नाही. मोठी वितरणे मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेला शिम नावाचा छोटा दुवा वापरून ही तपासणी पार करतात, लहान वितरणांसाठी मात्र ती तात्पुरती बंद करावी लागते. इथे एक सावधगिरी हवी. डिस्क विंडोजमधील बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद केलेली असेल, तर फर्मवेअरमध्ये असे बदल केल्यानंतर विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागू शकते. ती आधी हाताशी नसेल तर स्वतःच्याच फाइलींना मुकावे लागते. काही लॅपटॉपवर लाइव्ह प्रणाली सुरू होते, पण आतली डिस्क तिला दिसतच नाही. डिस्कचा नियंत्रक इंटेलच्या रेड (अनेक डिस्क एकत्र हाताळण्याच्या) पद्धतीवर ठेवलेला असणे, हे त्याचे नेहमीचे कारण होय.

नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी प्रक्रियकासाठीची आयएसओ एआरएम या वेगळ्या रचनेच्या प्रक्रियकाच्या संगणकावर चालत नाही. ॲपलने २०२० पासून आणलेल्या स्वतःच्या एआरएम प्रक्रियकांच्या काही मॅकवर ‘असाही लिनक्स’ हे वितरण बसवता येते, परंतु आधी पेनड्राइव्हवरून चाखून पाहण्याची सोय तिथे नाही.

काय तपासावे : वॉलपेपर आणि मेनू पाहून मत बनवणे सोपे असते, पण लाइव्ह चाचणीचे मोल यंत्रसामग्रीच्या परीक्षेत आहे. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, कॅमेरा, ब्लूटूथ, टचपॅड, पडद्याच्या उजेडाच्या कळा आणि प्रिंटर चालतात का, हे एकेक करून पाहावे. लॅपटॉप झोपवून पुन्हा जागा करून पाहणे सर्वांत जास्त विसरले जाते, आणि अनेकदा नेमकी तीच गोष्ट अडते. वायफाय न चालण्याचे कारण बहुधा त्या चिपला लागणारे बंदिस्त, म्हणजे मुक्त नसलेले, फर्मवेअर हे असते. डेबियनने दीर्घकाळ असे फर्मवेअर आपल्या अधिकृत माध्यमापासून तत्त्व म्हणून दूर ठेवले होते. २०२२ मध्ये विकसकांच्या मतदानानंतर हे धोरण बदलले आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून ते माध्यमावरच मिळू लागले. तत्त्वनिष्ठांना हा निर्णय रुचला नाही, तरी ज्याच्याकडे तेवढा एकच संगणक आहे त्याला वायफायशिवाय पुढे काही करणेच अशक्य होते, हेही खरे.

‘डिस्कला धक्का लागत नाही’ हे विधान सर्वसाधारणपणे बरोबर असले, तरी त्याला दोन अपवाद आहेत. लाइव्ह प्रणालीतून घरची डिस्क उघडता येते आणि तीवरील फाइल पुसली, तर ती खरोखरच जाते. थरांचे संरक्षण फक्त लाइव्ह प्रणालीच्या स्वतःच्या फाइलींना असते. दुसरा अपवाद घड्याळाचा. लिनक्स संगणकाच्या आतील घड्याळात जागतिक प्रमाणवेळ आहे असे धरते, विंडोज तिथे स्थानिक वेळ ठेवते. त्यामुळे चाचणीनंतर विंडोजमध्ये घड्याळ काही तासांनी पुढे-मागे दिसू शकते. यंत्र बिघडले असे समजून घाबरण्याचे कारण नाही, वेळ पुन्हा जुळवली की झाले. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर बंद केलेला संगणकही प्रत्यक्षात अर्धवट झोपेत असतो. म्हणून लिनक्स ती डिस्क केवळ वाचनापुरती उघडते किंवा उघडतच नाही.

इतर मार्ग : व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये आभासी संगणक तयार करून त्यात कार्यप्रणाली चालवणे अधिक सुरक्षित असते, कारण ती मूळ प्रणालीच्या एका खिडकीत कोंडलेली राहते. मात्र तिला दिसणारी यंत्रसामग्रीही आभासी असल्यामुळे खऱ्या वायफायची किंवा झोपण्या-जागण्याची परीक्षा तिथे होत नाही. आज्ञा शिकण्यासाठी हा मार्ग चांगला, आपला संगणक जोखण्यासाठी अपुरा. हायकू आणि फ्रीबीएसडी कुलातील घोस्टबीएसडी या लिनक्सेतर मुक्त प्रणालीही लाइव्ह माध्यमावरून पाहता येतात.

बसवण्याकडे : चाचणी समाधानकारक वाटल्यावर पडद्यावरील इन्स्टॉल चिन्हाने दुसरी कृती सुरू होते. भाषा, कीबोर्ड, वेळ यांचे प्रश्न निरुपद्रवी असतात. संपूर्ण डिस्क द्यायची की विंडोजशेजारी जागा काढायची, हा प्रश्न तेवढा निर्णायक असतो आणि तिथे पोहोचण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी. वाटणीचा आराखडा दाखवून इन्स्टॉलर अखेरची संमती विचारतो, आणि सहसा ती मिळेपर्यंत डिस्कवर काही लिहिले जात नाही. त्यानंतर कॅलामारेससारखे इन्स्टॉलर बहुतेक वेळा चाचणीत वापरलेली तीच स्क्वॉशएफएस फाइल डिस्कवर उलगडतात, लाइव्ह माध्यमापुरता असलेला तात्पुरता वापरकर्ता आणि खुद्द इन्स्टॉलर काढून टाकतात आणि डिस्कवर नवा बूटलोडर बसवतात.