चतुष्टय आणि मालिका: 'भाग २' आधी वाचला तर चालेल का?

गेल्या महिन्यात भालचंद्र नेमाड्यांची 'झूल' वाचून संपवली आणि चांगदेव पाटलाचा चार पुस्तकांचा सहवास संपला. दोन दिवस दुसरं काही हातात धरवेना. तेवढ्यात भाची घरी आली, हातात 'हूल'. साताऱ्यातल्या आमच्या पेठेतल्या वाचनालयातून आणलेली, खाकी कव्हर घातलेली, पाठीवर बॉलपेननं गिरवलेलं 'भाग २'.

"मावशी, पहिला भाग कुणीतरी नेलाय. हाच आधी वाचला तर चालेल ना? फास्टर फेणे नाही का आपण कुठूनही वाचायचो?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्या वाचनालयात दोन्ही पुस्तकं एकाच कपाटात आहेत आणि कपाटावर चिठ्ठी आहे 'मालिका'. पण फास्टर फेणे ही मालिका आणि 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' हे चतुष्टय, म्हणजे चार पुस्तकांत मिळून सांगितलेली एकच गोष्ट. दोन्हीकडे नायक एक आणि पुस्तकं अनेक, म्हणून गल्लत होते.

फरक ओळखायला मी एकच गोष्ट बघते: पुस्तकागणिक नायकाचं वय वाढतं का? भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, म्हणजेच फास्टर फेणे, प्रत्येक पुस्तकात शाळकरी पोरच असतो. कितीही संकटांतून सुटला तरी पुढच्या पुस्तकात तो तसाच, 'ट्टॉक्' करत नव्या भानगडीत शिरायला तयार. मागच्या पुस्तकातलं काही त्याच्या अंगावर ओझं होऊन येत नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा नायक झुंझार तसाच. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्या क्रमानंच वाचायच्या ठरवल्या असत्या तर कुणी सुरुवातच केली नसती. मालिकेत प्रत्येक पुस्तकाला स्वतःचं दार असतं. कुठूनही आत जा.

चतुष्टयाला दार एकच, पहिल्या पुस्तकाचं. भालचंद्र नेमाड्यांची ही चार पुस्तकं 1975 ते 1979 या काळात आली. चांगदेव मुंबई सोडतो, प्राध्यापकी धरतो, एका गावातून दुसऱ्या गावात, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जातो. प्रत्येक ठिकाणचं काहीतरी बरोबर घेऊन पुढे जातो. माझ्याकडून हीच चूक कॉलेजात असताना झाली होती. हाताला लागली म्हणून 'जरीला' आधी वाचली. हा माणूस कुठेच रुजत का नाही, बिऱ्हाड मांडलं की लगेच उचलायची भाषा का करतो, असं वाटून मला त्याचा राग आला होता. पुढे 'बिढार' वाचली. मुंबईतले ते दिवस, अनियतकालिकांच्या (लिटल मॅगझिन्सच्या) नादातले मित्र, डोक्यावर धड छप्पर नसणं. तेव्हा कळलं की राग चांगदेवाचा नव्हता, माझ्या वाचनाच्या क्रमाचा होता. चारही पुस्तकं मिळून ती एकच कादंबरी आहे, फक्त चार बांधणीत.

यातच आणखी एक गल्लत होते, ती 'क्रमशः'ची. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक' या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आली, म्हणून ती मालिका होत नाही. छापायची ती एक रीत होती, एवढंच.

वाचणाऱ्याला खरा चटका बसतो तो पुढचं पुस्तक न आल्यावर. मालिका थांबली तर हळहळ वाटते, पण हातातलं पुस्तक पुरं असतं. चतुष्टयाचं तसं नाही. 2010 साली नेमाड्यांची 'हिंदू' आली तीच मुळी चार कादंबऱ्यांतली पहिली म्हणून. ती संपवून मी मिटली तेव्हा तिच्या नायकाला, खंडेरावाला, मी अर्ध्या वाटेवर सोडून आलेय असंच वाटलं, आणि आजही वाटतं. सुरू असलेल्या चतुष्टयात पडायचं की चारही हातात आल्यावरच सुरुवात करायची, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी पडते. वाट बघण्यातही त्या माणसांचा विचार मनात चालू राहतो, तो मला हवा असतो.

सुट्टीत आम्ही दोघी भिलारला जाणार आहोत. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव 2017 पासून पुस्तकांचं गाव झालंय. घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुणाच्याही ओसरीत बसून वाचावं आणि जाताना तिथंच ठेवावं. भाचीला आधीच सांगून ठेवलंय, तिथं चतुष्टयाला हात लावायचा नाही. एका दिवसात ते पुरं होणार नाही आणि उरलेलं सोडून एस्टी गाठताना जीव तुटेल. तिथं मालिकेतलं एखादं पुस्तक घ्यायचं, दुपारपर्यंत संपवायचं आणि चहाला उठायचं.

'हूल' तिनं परत केली. माझी 'बिढार' नेली आहे, पिवळी पडलेली, शिवण सुटत आलेली. काल रात्री तिचा फोन आला, "मावशी, हा मुंबई सोडणार आहे ना? नको, सांगू नकोस."