मायकेल ओवेनचा वेग आणि मांडीमागचा स्नायू

२६ मार्च २००८. पॅरिसच्या स्टाद द फ्रान्सवर इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात मैत्रीपूर्ण सामना चालू होता आणि सगळ्यांच्या नजरा डेव्हिड बेकहॅमवर होत्या, कारण देशासाठी त्याचा तो शंभरावा सामना होता. त्याच सामन्यात मायकेल ओवेन बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. इंग्लंड ०-१ असं हरलं. ओवेनसाठी हा ८९ वा सामना होता. वय अवघं २८, नावावर ४० गोल. बॉबी चार्लटनचा ४९ गोलांचा राष्ट्रीय विक्रम हाताशी आलेला होता. ओवेन त्यानंतर पाच वर्षं क्लबांकडून खेळत राहिला, मँचेस्टर युनायटेडबरोबर लीग विजेतेपदाचं पदकही त्याला मिळालं. पण इंग्लंडचा शर्ट पुन्हा कधी अंगावर चढला नाही.

२८ हे फुटबॉलमधल्या पुढच्या फळीतल्या खेळाडूच्या ऐन भराचं वय. मग हा खेळाडू इतक्या लवकर का मावळला? नेहमीचं उत्तर असं की २००६ च्या विश्वचषकात त्याचा गुडघा गेला आणि सगळं संपलं. मला हे उत्तर पटत नाही. गुडघ्याचा घाव मोठा होता यात वाद नाही. पण खरी गोष्ट त्याच्या सात वर्षं आधी, तो एकोणीस वर्षांचा असताना, उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला घडली होती. ती समजून घ्यायची तर स्नायू कसा धावतो, कसा फाटतो आणि कसा भरून येतो हे जरा जवळून पाहावं लागेल.

आधी ओवेन काय चीज होता ते आठवू. ३० जून १९९८, सेंट एतिएन, अर्जेंटिनाविरुद्धचा बाद फेरीचा सामना. मध्यरेषेजवळ बेकहॅमचा पास घेऊन अठरा वर्षांचा हा पोरगा सुटला. आधी शामो मागे पडला, मग आयाला, आणि चेंडू गोलरक्षक रोआच्या डोक्यावरून जाळ्यात. तो गोल पुन्हा पाहिला की लक्षात येतं, त्यात फसवाफसवी फारशी नाही, पायांची नजाकत तर त्याहून कमी. आहे तो निव्वळ वेग. चेंडू पायाशी असताना समोरचा बचावपटू वळेपर्यंत ओवेन त्याच्या पुढे निघून गेलेला असायचा. त्याच्या खेळाचं सगळं भांडवल हेच होतं.

आता १२ एप्रिल १९९९. लीड्सच्या एलंड रोड मैदानावर लिव्हरपूलकडून खेळताना ओवेन असाच एका पासमागे सुसाट निघाला आणि धावता धावता त्याने उजव्या मांडीची मागची बाजू धरली. कुणी धक्का दिला नव्हता की पायात पाय अडकला नव्हता. हॅमस्ट्रिंग गेला होता.

क्रिकेटच्या समालोचनात 'हॅमस्ट्रिंग खेचला' हे आपण इतक्यांदा ऐकतो की तो एकच स्नायू असावा असं वाटतं. प्रत्यक्षात मांडीच्या मागे तीन स्नायूंचा जुडगा असतो: बाहेरच्या बाजूला बायसेप्स फिमोरिस, आतल्या बाजूला सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेंब्रेनोसस. ज्या हाडावर आपण बसतो तिथून ते निघतात आणि गुडघा ओलांडून पोटरीच्या हाडांना चिकटतात. म्हणजे खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवर त्यांची सत्ता चालते, आणि घोळ होतो तो इथेच.

पूर्ण वेगात धावताना पुढे झेपावलेला पाय जमिनीला टेकण्याच्या क्षणभर आधीची अवस्था डोळ्यांसमोर आणा. खुबा वाकलेला आहे, म्हणून स्नायूचं वरचं टोक ताणलं गेलंय. गुडघा झपाट्याने सरळ होतोय, म्हणून खालचं टोकही ताणलं जातंय. आणि नेमक्या त्याच वेळी पुढे भिरकावलेल्या पोटरीला आवरून पाय मागे खेचण्यासाठी हॅमस्ट्रिंगला पुरता जोर लावायचा आहे. स्नायू लांबतोही आहे आणि आवळतोही आहे. या घडीला बायसेप्स फिमोरिसची लांबी सरळ उभं असतानाच्या लांबीपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी वाढलेली असते. वेग जितका जास्त तितकी ही पोटरी आवरायची ताकद वाढत जाते, आणि तीही वेगाच्या मानाने जास्तच. सावकाश धावणाऱ्याला हा धोका जवळजवळ नसतोच. धावताना होणाऱ्या हॅमस्ट्रिंगच्या दुखापती बहुतेक याच क्षणी होतात आणि बहुतेक याच बाहेरच्या स्नायूला होतात.

वेगवान माणसाचं दुर्दैव आणखी खोल आहे. आपल्या स्नायूंमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू दमत नाहीत, पण त्यांचा झटका कमी. जलद तंतू क्षणात आवळतात, मात्र लवकर थकतात आणि ताणाखाली लवकर जखमी होतात. कुणात कोणते तंतू किती, हे बऱ्याच अंशी जन्मतःच ठरतं. बेल्जियममधल्या संशोधकांनी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या पोटऱ्यांमधल्या कार्नोसिन या रसायनाचं प्रमाण मोजलं. जलद तंतूंमध्ये ते जास्त असतं, त्यामुळे सुई न टोचता, एमआरआयच्या यंत्रात झोपवूनच अंदाज बांधता येतो. मग या खेळाडूंच्या दुखापतींवर लक्ष ठेवलं. जलद तंतूंचा भरणा असलेल्या खेळाडूंना हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीचा धोका संथ तंतूंवाल्यांच्या सुमारे पाचपट निघाला. ओवेनची अशी चाचणी झाली नव्हती, पण त्याचा खेळ पाहता तो कोणत्या गटात मोडला असता याबद्दल मला शंका नाही. ज्या देणगीमुळे तो अठराव्या वर्षी इंग्लंडकडून खेळला, तीच देणगी त्याच्या मांडीवर उठली.

फाटलेला स्नायू भरून येतो, पण पूर्वीसारखा होत नाही. स्नायूतल्या राखीव मूळपेशी जाग्या होतात आणि काही नवे तंतू तयार करतात. मात्र जखम मोठी असेल तर ती सांधण्याचं काम कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन करतं, म्हणजे तिथे व्रण उरतो. व्रण मजबूत असतो, पण ताणला जात नाही. रफू केलेला सदरा जसा पुढच्या वेळी रफूच्या कडेला फाटतो, तसा व्रणाच्या शेजारचा तंतू आता वाट्याला आलेला जादा ताण सोसत बसतो. त्यात एकदा जखमी झालेल्या बायसेप्स फिमोरिसमधले तंतूंचे जुडगे दुसऱ्या पायातल्यांपेक्षा आखूड राहिलेले आढळतात. आखूड जुडग्याला तेवढंच अंतर लांबायचं तर प्रत्येक कणाला जास्त ताणावं लागतं. हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीचं भाकीत करणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर लागतो तो आधी झालेल्या दुखापतीचा, त्याची कारणं ही.

ओवेनच्या बाबतीत तर स्नायू पूर्ण भरून येण्याचाही प्रश्न नव्हता. त्याने नंतर सांगितलंय की स्नायू तुटून सुटा झाला होता, शस्त्रक्रिया करून तो जोडला गेला नाही, आणि पुढची सगळी कारकीर्द तो एका पायात तीन आणि दुसऱ्या पायात दोन हॅमस्ट्रिंग घेऊन धावला. विश्रांती आणि व्यायाम हाच त्या काळी रूढ मार्ग होता. उरलेले स्नायू कमी पडलेलं काम उचलतात, पण त्यांच्यावरचा बोजा वाढतो, आणि दोन्ही पायांच्या चालीत फरक पडला की तो कंबर, जांघ, पोटरी असा कुठेही वसूल होतो.

इथे कुणीही विचारेल: मग २००१ चं काय? त्या वर्षी १ सप्टेंबरला म्युनिकमध्ये जर्मनीला त्यांच्याच घरी इंग्लंडने ५-१ असं लोळवलं, त्यात ओवेनचे तीन गोल होते. वर्षअखेरीला युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ऑर त्याला मिळाला. हा आक्षेप रास्त आहे. पण दुखापत वेग एका दिवसात संपवत नाही. ती आधी वेगाची वारंवारता कमी करते. सामन्यात जी धाव पूर्वी दहादा मारायची ती आता चारदा मारायची, आणि त्या चार कधी मारायच्या हे ठरवायचं. गोलसमोर शांत राहण्याची आणि योग्य जागी उभं राहण्याची ओवेनची अक्कल अफाट होती, तिच्या बळावर त्याने सहा-सात वर्षं काढली. हे फार मोठं कर्तृत्व होतं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याबद्दल त्याला पुरेसं श्रेय मिळालेलं नाही.

यात मेंदूचाही हात असतो. हॅमस्ट्रिंग एकदा गंभीर जखमी झाला की तो लांबलेल्या अवस्थेत असताना मेंदू त्याला पूर्ण ताकदीचा हुकूम देईनासा होतो, हे विद्युत संकेत मोजून दिसलं आहे. दुखणं थांबल्यावरही हा हात आखडता राहतो. शरीर स्वतःला जपतं. पण त्यामुळे स्नायूला पुरेसा व्यायाम मिळत नाही आणि तो आणखी दुबळा होतो. ओवेनने आपल्या शेवटच्या सहा-सात वर्षांबद्दल दिलेली कबुली या संदर्भात फार बोलकी आहे. बचावफळीमागच्या मोकळ्या जागेत धावायची त्याला धास्ती वाटायची, कारण स्नायू जाणार हे माहीत असायचं. म्हणून तो मागे येऊन चेंडू घेऊ लागला. बाहेरून पाहणाऱ्यांना वाटलं, याची भूक मेली.

पुढचे घाव थोडक्यात. ३१ डिसेंबर २००५ ला टॉटनहॅमविरुद्ध पायाच्या पंजाचं हाड मोडलं. २० जून २००६ ला कोलोनमध्ये स्वीडनविरुद्ध सामना सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं तेव्हा उजवा गुडघा पिळवटला आणि सांधा आतून बांधून ठेवणारा पुढचा क्रुशिएट लिगामेंट तुटला. त्याला परतायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. आणि तरीही सप्टेंबर २००७ मध्ये वेम्बलीवर त्याने इस्रायलविरुद्ध एक आणि रशियाविरुद्ध दोन गोल केले. गुडघ्याने त्याला संपवलं म्हणणाऱ्यांनी हे तीन गोल जरूर पाहावेत.

मग राष्ट्रीय संघ आधी का सुटला आणि क्लब का नाही? क्लबचा हंगाम नऊ-दहा महिन्यांचा असतो. चार आठवडे खेळाडू बाहेर असला तरी क्लब थांबू शकतो, कारण पगार चालूच असतो आणि त्याला अर्ध्या तासासाठी उतरवण्याची मुभाही असते. राष्ट्रीय संघ वर्षाला दहा-बारा सामने खेळतो, तेही तीन-चार दिवसांच्या तुकड्यांत. त्या नेमक्या तारखांना जो धडधाकट असेल तोच निवडला जातो. वर्षातले चार महिने दुखापतीत घालवणारा खेळाडू राष्ट्रीय संघाच्या हिशेबात अर्धं वर्षही सहज गमावतो, कारण परतल्यावर लय सापडेपर्यंत पुढची तारीख निघून जाते. त्यातून २००८ मध्ये आलेले प्रशिक्षक फॅबियो कपेलो यांना वेन रूनीच्या जोडीला धिप्पाड, चेंडू धरून ठेवणारा एमिल हेस्की पसंत पडला. ज्याच्याकडे वेग उरलेला नाही अशा वेगाच्या खेळाडूला त्या आराखड्यात जागा नव्हती. चार्लटनचा विक्रम शेवटी २०१५ मध्ये रूनीने मोडला.

मँचेस्टर युनायटेडच्या रायन गिग्जने याच दुखण्यावर वेगळी वाट काढली. तोही तरुणपणी हॅमस्ट्रिंगने बेजार होता. पुढे त्याने योगासनं धरली, मैदानाच्या कडेने सुसाट धावणं कमी केलं, मध्यभागी येऊन पासवर खेळू लागला आणि चाळिशीपर्यंत टिकला. पण त्याचीही किंमत होती: १९९१ मध्ये वेल्सकडून पदार्पण केलेला गिग्ज २००० पर्यंत देशाचा एकही मैत्रीपूर्ण सामना खेळला नाही. वेल्सचे लोक चिडायचे. ६४ सामन्यांवर त्याची राष्ट्रीय कारकीर्द २००७ मध्येच थांबली, क्लबची त्यानंतर सात वर्षं चालली.

ओवेनबद्दल मला सगळ्यात जास्त खुपतं ते त्याच्यावर लादलेलं ओझं. १९९७ च्या उन्हाळ्यात तो मलेशियात युवा विश्वचषक खेळला, मग लिव्हरपूलचा पूर्ण हंगाम, मग फ्रान्समधला विश्वचषक, मग पुन्हा हंगाम. एकोणीस वर्षं आणि चार महिन्यांच्या वयात तो लिव्हरपूलसाठी ऐंशीहून जास्त सामने खेळलेला होता. किशोरवयात स्नायूंची ताकद भराभर वाढते, पण ती हाडापर्यंत पोचवणारे कंडरे मागे राहतात. बर्लिनच्या संशोधकांनी तरुण खेळाडूंत ही तफावत मोजली आहे. हॅमस्ट्रिंग ज्या बैठकीच्या हाडावरून निघतो, तिथली वाढीची पट्टीदेखील विशीच्या आसपासच पूर्ण जुळते.

पंचवीस वर्षांत यातून आपण काय शिकलो? युरोपातल्या अव्वल क्लबांच्या दुखापतींची नोंद स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रँड २००१ पासून ठेवत आले आहेत. २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या. २०२१-२२ मध्ये हा वाटा २४ टक्क्यांवर गेला, म्हणजे दुप्पट. सामने वाढले आणि सामन्यातल्या वेगवान धावाही वाढल्या.

उपाय अगदीच नाही असं नाही. नॉर्डिक नावाचा एक व्यायाम आहे: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि शरीर सरळ ठेवून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकत जायचं. हॅमस्ट्रिंग लांबत असताना जोर लावतो, म्हणजे धावताना जे संकट येतं त्याचीच तालीम होते. याने तंतूंचे जुडगे लांब होतात, आणि बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की दुखापती जवळजवळ निम्म्याने घटतात. उपकरण लागत नाही, खर्च शून्य. कोल्हापुरातल्या तालमींच्या संघांपासून गोव्यातल्या गावोगावच्या क्लबांपर्यंत कुणालाही तो करता येईल, आणि त्यांनी तो करावाच. गंमत अशी की ज्यांच्याकडे सगळं आहे त्या युरोपातल्या बड्या क्लबांनी तो २०१५ च्या पाहणीपर्यंत फारसा स्वीकारलेलाच नव्हता. पाहणीतल्या क्लबांचे दहातले आठ हंगाम त्याविनाच गेले होते. सुरुवातीला या व्यायामाने मांड्या दोन दिवस ठणकतात, आणि दर तीन दिवसांनी सामना असेल तर ते दोन दिवस आणायचे कुठून?

बार्सिलोनाचा पेद्री २०२०-२१ मध्ये, अठराव्या वर्षी, क्लब आणि देश मिळून, युरो चषक आणि टोकियो ऑलिंपिक धरून, ७३ सामने खेळला. पुढच्या हंगामाचा निम्म्याहून अधिक काळ तो मांडीच्या दुखापतीने बाहेर होता, आणि त्याच्या पुढच्या दोन हंगामांतही मांडी पुन्हा पुन्हा दुखावत राहिली.