जुन्या सेसनाचे मालकपण : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अमेरिकेतील एका लहान विमानतळावर आमची विमानदुरुस्तीची कार्यशाळा आहे. आमच्याकडे येणाऱ्या विमानांत १९४८ ते १९५६ या काळातील सेसना १७० आणि १९५६ ते १९६७ या काळातील सेसना १७२ यांचीच संख्या मोठी असते, आणि अलीकडे त्यांच्या मालकांमध्ये मराठी कुटुंबेही दिसू लागली आहेत. विमान घेताना पैसा साऱ्या घराचा खर्ची पडतो. मात्र त्याची कागदपत्रे, नियम आणि बिले एकट्या वैमानिकालाच समजतात, आणि घरच्यांच्या शंकांना उत्तर देताना त्याचीही तारांबळ उडते. हे पत्रक मराठीत लिहिण्याचे कारण एवढेच आहे.

प्रथम जबाबदारीविषयी लिहितो, कारण बहुतेक गैरसमज तेथेच होतात. विमान उडण्यायोग्य स्थितीत राखण्याची मुख्य जबाबदारी फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजे एफएएच्या, नियमांनुसार विमानाच्या मालकावर किंवा ते चालवणाऱ्यावर असते. ती कार्यशाळेवर ढकलता येत नाही. वार्षिक तपासणीनंतर आम्ही लॉगबुकात सही करतो तेव्हा त्या दिवशी, विमानाचे तोवर जेवढे तास झाले त्या तासांवर, विमान योग्य स्थितीत आढळले एवढेच आम्ही सांगत असतो. पुढच्या आठवड्यात टायर झिजला, उंदरांनी शेपटीत घरटे केले किंवा एखाद्या दोषाविषयी एफएएची नवी सक्तीची सूचना निघाली, तर त्याची दखल आपणच घ्यावयाची असते.

विमान घेण्यापूर्वी

परवान्याआधी नागरिकत्वाचा विचार करावा लागतो, आणि आपल्या मंडळींना ही गोष्ट अनेकदा सौदा ठरल्यानंतर कळते. अमेरिकेत विमानाची नोंदणी व्यक्तीच्या नावे करावयाची असल्यास ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा कायम रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक, असावी लागते. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीस विमान चालवण्याचा परवाना मिळवता येतो, परंतु विमान स्वतःच्या नावे नोंदवता येत नाही. त्यासाठी विश्वस्त व्यवस्थेचा मार्ग असतो आणि तो या विषयातील वकिलाच्या सल्ल्यानेच घ्यावा. चार मित्र मिळून विमान घेणार असतील तर प्रत्येक सहमालकाने ही अट पूर्ण केली पाहिजे. नोंदणीची मुदत आता ७ वर्षांची आहे. जानेवारी २०२३ पूर्वी ती ३ वर्षांची होती.

विमानाच्या मालकीहक्काची आणि त्यावरील कर्जाची नोंद एफएएच्या ओक्लाहोमा सिटी येथील कार्यालयात असते. पैसे देण्यापूर्वी तेथील नोंदींचा शोध अवश्य करून घ्यावा, कारण जुन्या मालकाचे न फिटलेले कर्ज विमानाबरोबर आपल्या गळ्यात पडू शकते. त्याच कार्यालयाकडून त्या विमानावर झालेल्या मोठ्या दुरुस्त्यांच्या आणि बदलांच्या दाखल झालेल्या नोंदीही मिळतात. विक्रेत्याने दाखवलेले लॉगबुक आणि या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे, कधीच अपघात झाला नाही असे सांगितल्या गेलेल्या विमानाचा पंख एकदा बदलला होता, हे कळू शकते. बदललेला पंख हा दोष नव्हे. व्यवस्थित बसवलेला असेल तर आमची त्यास हरकत नसते. लपवलेला पंख मात्र निराळा.

खरेदीपूर्व तपासणी आणि वार्षिक तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘नुकतीच वार्षिक तपासणी झाली आहे’ हे वाक्य जाहिरातीत कितीही ठळक छापलेले असले, तरी ती तपासणी विक्रेत्याच्या मेकॅनिकने विक्रेत्यासाठी केलेली असते. ज्या मेकॅनिकने ते विमान पूर्वी कधी सांभाळलेले नाही, त्याच्याकडून ते पाहून घ्यावे. मग तो आमच्या कार्यशाळेतील नसला तरी चालेल.

वार्षिक तपासणी

ही तपासणी दर १२ कॅलेंडर महिन्यांत व्हावी लागते. ती ५ मार्चला झाली असेल तर पुढील वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत ग्राह्य धरली जाते. मुदत उलटल्यावर विमान आमच्यापर्यंत उडवत आणण्यासाठीही एफएएची विशेष परवानगी लागते, म्हणून महिना संपण्याच्या सुमारास आपण फोन केलात आणि आमच्याकडे जागा नसली तर अडचण आपलीच होते. ट्रान्सपॉन्डरची, म्हणजे रडारला विमानाची ओळख व उंची कळवणाऱ्या यंत्राची, चाचणी दर २४ महिन्यांनी होते आणि तिचे वेळापत्रक स्वतंत्र असते. आपत्कालीन प्रसारकाची, म्हणजे अपघातानंतर संकटाचा संदेश पाठवणाऱ्या यंत्राची, तपासणी दर १२ महिन्यांनी करावी लागते. आपल्या विमानात १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारा जुना प्रसारक असेल, तर १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह त्या लहरी ऐकत नाहीत हे ध्यानात घ्यावे. ४०६ मेगाहर्ट्झचा प्रसारक बसवावा असा आमचा आग्रह असतो.

तपासणीच्या वेळी आम्ही केबिनच्या तळाची आणि पंखांची झाकणे उघडतो, सिलिंडरांचा दाब मोजतो आणि नियंत्रणाच्या तारांवरून कापडाचा बोळा फिरवतो, कारण तुटलेला बारीक तंतू डोळ्यांना दिसण्याआधी कापडात अडकतो. त्या विमानाला, इंजिनाला आणि पंख्याला (प्रोपेलरला) लागू असलेल्या सक्तीच्या सूचनांची यादीही आम्ही एकेक करून पडताळतो. यांतली एक सूचना प्रत्येक सेसनामालकाने पाठ करावी अशी आहे : २०११-१०-०९ क्रमांकाची, बैठकीच्या, म्हणजे आसनाच्या, रुळांविषयीची. रुळांची भोके झिजली किंवा खिळ नीट बसली नाही, तर उड्डाणाच्या क्षणी नाक वर होताच बैठक मागे घसरते. वैमानिकाच्या हातात नियंत्रणाचे चाक असते, ते त्याच्याबरोबर मागे ओढले जाते आणि नाक आणखी उचलले जाते. म्हणून ही तपासणी दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, करावी लागते. आपण मात्र बैठक पुढे घेतल्यावर ती मागे ढकलून पाहण्याची सवय प्रत्येक उड्डाणापूर्वी ठेवावी.

तपासणीचे शुल्क ठरलेले असते. दुरुस्तीचा खर्च त्यात धरलेला नसतो. दोष आढळल्यास आम्ही आधी कळवतो आणि आपण होकार दिल्याशिवाय काम सुरू करत नाही. एखादा दोष उड्डाणाला घातक आहे असे आमचे मत असेल आणि आपणास ते मान्य नसेल, तर आम्ही तपासणी पूर्ण झाल्याची परंतु विमान योग्य न आढळल्याची नोंद करून दोषांची यादी आपल्या हाती देतो. ते दोष आपण दुसऱ्या अधिकृत मेकॅनिककडून दूर करून घेऊ शकता. संपूर्ण तपासणी नव्याने करावी लागत नाही. या तरतुदीचा आधार घेणाऱ्या ग्राहकाविषयी आमच्या मनात कटुता नसते.

इंजिन आणि इंधन

या विमानांत काँटिनेंटल कंपनीचे १४५ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरांचे इंजिन असते. आधी त्याचे नाव सी-१४५ होते, पुढे ते ओ-३०० झाले. १९६८ च्या मॉडेलपासून सेसना १७२ मध्ये लायकॉमिंगचे इंजिन आले, त्याच्या खोडी निराळ्या असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

ओ-३०० हे इंजिन ८० ऑक्टेनच्या इंधनासाठी घडवले होते. ते इंधन बाजारातून नाहीसे झाले आणि त्याच्या जागी शिसे असलेले १०० ऑक्टेनचे निळे इंधन आले, ज्यात गॅलनमागे जवळजवळ २ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. हे शिसे वायूबरोबर बाहेर पडण्यासाठी ज्वलनाची उष्णता पुरेशी हवी. जमिनीवर कमी फेऱ्यांवर, पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणावर इंजिन बराच वेळ चालू ठेवले की ती उष्णता मिळत नाही. मग शिशाचे करडे खडे खालच्या प्लगांत साठतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर थर चढतो. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर ते काही मिनिटे एका सिलिंडरावर अडखळत असेल आणि तापल्यावर सुरळीत होत असेल, तर व्हॉल्व्ह अडकू लागल्याचे ते लक्षण असते. ‘तापल्यावर ठीक होते’ असे म्हणून कृपया सोडून देऊ नये. इंजिन सुरू होताच मिश्रण हाताने पातळ करावे, म्हणजे त्यातील पेट्रोल कमी करावे, आणि धावपट्टीच्या टोकाशी रांगेत थांबावे लागले तरी ते पातळच ठेवावे. उड्डाणापूर्वी पुन्हा पूर्ववत करण्यास अर्थातच विसरू नये. एवढ्या एका सवयीने प्लग साफ करण्याचे आमचे काम, आणि आपले बिल, बरेच कमी होते.

योग्य मंजुरी घेतल्यास या इंजिनात मोटारीचे पेट्रोलही चालते, परंतु त्यात इथेनॉल असता कामा नये. येथील बहुतेक पंपांवरील पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते रबरी वायसर व नळ्या खराब करते, त्यामुळे ‘चालते’ एवढे ऐकून टाकी भरू नये.

या इंजिनाचा कार्ब्युरेटर गरम ऑइलच्या टाकीच्या तळाला चिकटलेला नसल्यामुळे त्यात बर्फ लवकर धरतो, आणि त्यासाठी हिवाळाच लागतो असे नाही. हवा दमट असेल तर २० अंश सेल्सिअसलाही असे घडू शकते. फेऱ्या हळूहळू कमी होऊ लागल्यास कार्ब्युरेटरची उष्णता, म्हणजे त्यात गरम हवा सोडण्याची सोय, पूर्ण उघडावी. बर्फ वितळताना इंजिन क्षणभर आणखी खडबडते. त्याला घाबरून उष्णता लगेच बंद करू नये.

ऑइल बदलण्याची मुदत जाळी असलेल्या इंजिनासाठी २५ तास आणि पूर्ण प्रवाहाचा फिल्टर असलेल्यासाठी ५० तास अशी धरावी, मात्र दोन्ही बाबतींत ४ महिन्यांपेक्षा अधिक थांबू नये. वर्षात जेमतेम १५ तास उडणाऱ्या मालकास ही ४ महिन्यांची अट जाचक वाटते. वस्तुस्थिती अशी की न उडणाऱ्या इंजिनातील ऑइलमध्येच पाणी आणि आम्ल साठून राहते, आणि गंज सिलिंडरांच्या आतल्या भिंतींवर चढतो. हँगरसमोर दहा मिनिटे इंजिन चालवून बंद केल्याने हे टळत नाही. उलट ज्वलनातून तयार झालेले आणखी पाणी आत राहते, कारण ऑइल ते उडून जाण्याइतके तापतच नाही. विमान उडवावे, नाहीतर स्वस्थ ठेवावे. पंखा हाताने फिरवून ‘ऑइल पसरवण्याची’ पद्धतही सोडावी. तिने लाभ काही होत नाही, आणि मॅग्नेटोची, म्हणजे प्लगांना ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची, तार कोठे तुटलेली असेल तर किल्ली बंद असतानाही इंजिन सुरू होऊन पंखा हात तोडू शकतो.

आपण स्वतः काय करू शकता

किमान प्रायव्हेट पायलटचा परवाना असलेल्या मालकास स्वतःच्या विमानावर ऑइल बदलणे, प्लग काढून साफ करणे, टायर बदलणे, बॅटरीची देखभाल करणे यांसारखी प्रतिबंधक कामे करता येतात. काम झाल्यावर लॉगबुकात तारीख, कामाचे वर्णन, सही आणि परवान्याचा क्रमांक लिहावा लागतो. नोंद न केलेले काम नियमाच्या दृष्टीने झालेलेच नसते. पंख्याच्या पात्यावरील खाच कानशीने घासणे या यादीत बसत नाही; ती खाच तडा जाण्याची सुरुवात असू शकते, म्हणून ती आम्हाला दाखवावी.

जुना सुटा भाग मिळत नसेल तर मालकाने स्वतःच्या विमानासाठी तो बनवून घेण्याची तरतूद नियमांत आहे, परंतु त्यात मालकाचा प्रत्यक्ष सहभाग, म्हणजे आराखडा, साहित्य किंवा देखरेख यांपैकी काहीतरी, असावा लागतो. दुकानातून आणलेला बोल्ट ‘मीच बनवला’ असे म्हणून चालत नाही.

पावसानंतर आणि टाकी भरल्यानंतर इंधनाचा नमुना अवश्य काढावा. पंखांवर वा पोटाखाली रंग फुगलेला किंवा रिव्हेटांभोवती पांढरी पूड दिसल्यास तो पत्र्याचा गंज समजावा. दसऱ्याला आपण विमानाची पूजा करता ही आम्हाला आनंदाची गोष्ट वाटते. फक्त हार उड्डाणापूर्वी काढून ठेवावा, आणि विमानाच्या डाव्या कुशीवरील बारीक छिद्राला कुंकवाचे बोट लागू देऊ नये, कारण उंचीमापक आणि वेगमापक त्याच छिद्रातून बाहेरच्या हवेचा दाब घेतात.

विमान तपासणीसाठी सोडताना सर्व लॉगबुके, विमानाचे वजन-समतोलाचे कागद आणि पूर्वीच्या सूचनापालनाची यादी सोबत आणावी. मागील वर्षात जाणवलेल्या तक्रारी, लहान असल्या तरी, एका कागदावर लिहून त्यांपुढे त्या वेळचे टॅकोमीटरचे (इंजिनाच्या फेऱ्या मोजणाऱ्या यंत्रावरचे) तास नोंदवावेत. केबिनमधील सामान, विशेषतः मागच्या बैठकीखालचे, आदल्या दिवशीच घरी न्यावे. तेथील झाकणे आम्हाला पहिल्याच तासात उघडावी लागतात.