नकाशाचं गाठोडं: शेपफाइल ते जिओपॅकेज

जीआयएसमधला, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याच्या क्षेत्रातला, नवखा माणूस ‘शेपफाइल पाठवतोय’ म्हणतो आणि ईमेलला एकच फाइल जोडतो. समोरच्याकडे ती उघडत नाही. कारण शेपफाइल हा नकाशाची माहिती साठवायचा नावालाच एकवचनी प्रकार; प्रत्यक्षात तो अख्खा कुटुंबकबिला आहे. आकृत्या एसएचपी फाइलीत, त्यांची अनुक्रमणिका एसएचएक्समध्ये, माहितीचा तक्ता डीबीएफमध्ये. पीआरजे फाइल नियमाने ऐच्छिक, पण ती नसेल तर नकाशा पृथ्वीवर नेमका कुठे बसवायचा याचा अंदाजच बांधावा लागतो.

हे दुखणं शेपफाइलच्याही आधीचं. एस्री कंपनीचं आर्क-इन्फो हे जीआयएस सॉफ्टवेअर १९८२ मध्ये आलं. त्यातलं ‘कव्हरेज’, म्हणजे नकाशाच्या आकृत्या, एका फोल्डरात आणि तक्ते शेजारच्या ‘इन्फो’ फोल्डरात असत. नेहमीसारखं कॉपी केलं की तक्ते मागेच राहायचे. म्हणून देवाणघेवाणीसाठी सगळा ऐवज एकत्र बांधणारी ‘ई००’ फाइल निघाली.

शेपफाइल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एस्रीच्याच आर्कव्ह्यू सॉफ्टवेअरबरोबर आली. जुलै १९९८ मध्ये एस्रीने तिची रचना जाहीर केली आणि कुणाच्याही सॉफ्टवेअरला ती लिहिता-वाचता येऊ लागली. ती एवढी पसरली ती याच मोकळेपणामुळे, गुणांमुळे नव्हे, असं माझं मत. तक्ता डीबेस या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमचा, त्यामुळे रकान्याचं नाव जास्तीत जास्त १० बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे साधा ‘तालुका’सुद्धा मावत नाही! आणि अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली ते सांगणारी सीपीजी फाइल वाटेत हरवली, की गावांच्या नावांचा चिवडा होतो.

मग गाठोडी बांधणं सुरू झालं. कीहोल कंपनी २००४ मध्ये गूगलने घेतली. तिच्या केएमएल या नकाशा-फाइलची झिप केलेली आवृत्ती म्हणजे केएमझेड, त्यात चिन्हं-चित्रंही सोबत जातात. एस्रीच्या लेयर पॅकेजमध्ये माहितीबरोबर रंगसंगतीही येते, पण ते गाठोडं मुख्यतः त्यांच्याच घरात सुटतं.

नकाशा-माहितीची मानकं ठरवणाऱ्या ओपन जिओस्पेशियल कन्सोर्शियम या संस्थेने २०१४ मध्ये जिओपॅकेज हे मानक आणलं. एसक्यूलाइटचा, म्हणजे एकाच फाइलीत मावणारा, एकच डेटाबेस, त्यात हवे तितके थर, उपग्रहचित्रांचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल्सही. क्यूजीआयएस ३ या मोफत जीआयएस सॉफ्टवेअरने तर नवा थर साठवायला तेच आधी पुढे केलं.

तरी एक गंमत राहिलीच. क्यूजीआयएसमध्ये जिओपॅकेज उघडं असताना शेजारी डब्ल्यूएएल आणि एसएचएम अशा दोन तात्पुरत्या फायली उगवतात. त्याच वेळी कुणी फक्त मुख्य फाइल उचलून पाठवली, तर ताजे बदल मागे राहू शकतात. अगदी कव्हरेजच्या तक्त्यांसारखे.