बिटकॉइनच्या ॲड्रेसमागचा माणूस कसा सापडायला लागला

बिटकॉइन म्हणजे निनावी पैसा असं अजून कितीतरी जण ठामपणे सांगतात, पण त्याचे सगळे व्यवहार उघड नोंदवहीत दिसतात, फक्त नावाऐवजी खाते क्रमांकासारखा ॲड्रेस असतो. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइन आणणाऱ्याचा 2008 चा मूळ पेपर जेमतेम नऊ पानांचा आहे आणि त्यातच लिहिलंय की एका व्यवहारात दोन-चार ॲड्रेसमधले पैसे एकत्र करून दिले तर ते सगळे एकाच मालकाचे हे कळणारच. म्हणजे ही फट नंतर कुणी शोधून काढली असं नाही, ती पहिल्या दिवसापासून माहीत होती.

2011 ला डब्लिनच्या फर्गल रीड आणि मार्टिन हॅरिगन या संशोधकांनी हेच धरून ॲड्रेसचे गट पाडले, 25,000 बिटकॉइनच्या एका चोरीचा माग पण काढून बघितला. पण माझ्या मते खरं वळण 2013 चं. सॅन दिएगोमधल्या सारा मायकलजॉन आणि सहकाऱ्यांनी सुट्ट्या पैशांकडे लक्ष दिलं. तुमच्याकडे एकगठ्ठा आलेले 10 कॉइन आहेत आणि 3 द्यायचेत, तर अख्खे 10 निघतात आणि 7 परत येतात, बहुतेकदा वॉलेटने, म्हणजे कॉइन सांभाळणाऱ्या ॲपने, बनवलेल्या कोऱ्या ॲड्रेसवर, मग तो कोरा ॲड्रेस बहुधा देणाऱ्याचाच. आता गटाला नाव कुठून आणायचं? तर ही मंडळी स्वतः गिऱ्हाईक झाली, एक्सचेंज (म्हणजे बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या कंपन्या), दुकानं, जुगाराच्या साइट असे 344 व्यवहार केले आणि समोरचा कुठला ॲड्रेस वापरतो ते टिपत गेले. एक ॲड्रेस ओळखला की गटच्या गट ओळखीचा. पुढचं काम एक्सचेंजकडच्या केवायसीने सोपं केलं, पैसे तिथे पोचले की तपास यंत्रणा नाव मागवू शकते.

असे गट पाडणं हा अंदाज आहे हे मात्र विसरू नये, कारण कॉइनजॉइन नावाच्या पद्धतीत वेगवेगळी माणसं मुद्दाम एकाच व्यवहारात पैसे टाकतात, तिथे एकत्र आलेले पैसे एकाच मालकाचे हा पहिला नियमच चुकतो आणि भलत्याच माणसावर बोट जाऊ शकतं. म्हणून नुसत्या गटावरून कुणाला चोर ठरवणं मला पटत नाही, बाहेरचा पुरावा जोडीला हवाच.

बिटफायनेक्स या एक्सचेंजमधून ऑगस्ट 2016 ला 1,19,754 बिटकॉइन चोरीला गेले, त्यातला माग साडेपाच वर्षांनी न्यूयॉर्कच्या एका जोडप्यापर्यंत पोचला. त्या पैशातून घेतलेलं 500 डॉलरचं वॉलमार्टचं गिफ्ट कार्ड त्यातल्या बायकोच्या नावाच्या अकाउंटवर वापरलं गेलं होतं.